खारीकचा भयालेख

केंद्रात आल्यापासून चौथ्या दिवशी खारीकने प्रमिलाताईंच्या हातातून भाकरीचा तुकडा घेतला आणि शेपूट हलवली. कुणालाही बरं वाटावं असाच प्रसंग होता. प्रमिलाताई मात्र हात तसाच पुढे धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आता काय झालं?" जाळीपलीकडून डॉ. मुजावरांनी विचारलं.

"काही नाही. लवकर झालं, एवढंच."

"लवकर झालं ही तक्रार आहे का, ताई?"

प्रमिला तरडे साताऱ्याबाहेर कोरेगाव रस्त्यावरच्या जिव्हाळा प्राणी आसरा केंद्रात एकोणीस वर्षं कामाला होत्या. मार खाऊन आलेल्या कुत्र्यांना माणसाळवणं हे त्यांचं काम. पूर्वी एकेका कुत्र्याला तीन-तीन, चार-चार महिने लागायचे. प्रमिलाताई पिंजऱ्यात शिरायच्या, कुत्र्याकडे पाठ करून स्टुलावर बसायच्या आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचायच्या. अग्रलेख, बाजारभाव, वधूवर पाहिजेत, सगळं. मागे वळून बघायचं नाही. असे कित्येक दिवस गेले की एखाद्या दुपारी पाठीला काहीतरी ओलं लागायचं. कुत्र्याचं नाक. त्या ओल्या स्पर्शाची वाट बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात निर्भय उपचार आला आणि स्टूल अडगळीत गेलं.

उपचार साधा दिसायचा. कुत्र्याच्या डोक्यावर तारांचं एक मऊ आवरण चढवायचं. केंद्रातली माणसं त्याला टोपडं म्हणत. मग त्याच्यासमोर एकेक वस्तू आणायची, एकेक आवाज ऐकवायचा: काठी, कमरेचा पट्टा, हेल्मेट, माणसाचा चढलेला आवाज. मेंदूत भीती उसळली की पडद्यावरची रेघ वर चढायची. या रेघांच्या नकाशाला डॉक्टरांनी भयालेख हे नाव दिलं होतं. रेघ वर असतानाच एक इंजेक्शन द्यायचं. दोन-तीन वेळा असं केलं की रेघ आडवी व्हायची आणि आडवीच राहायची.

"आठवण जागी झाली की थोडा वेळ ती ओल्या सिमेंटसारखी असते," डॉक्टरांनी सुरुवातीला सगळ्यांना बसवून समजावलं होतं. "तेवढ्यात औषध पोचलं, तर तिच्यातली भीती पुन्हा घट्ट होत नाही. आठवण राहते. त्याला काठी आठवते, काठीने मारलेलंही आठवत असेल. पण छातीत धडधडत नाही."

महिन्याला चाळीसेक कुत्री घरोघरी जाऊ लागली. पूर्वी त्यातली निम्मी पिंजऱ्यातच म्हातारी व्हायची, काही तर अन्न न घेता मरायची. हे प्रमिलाताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी उपचाराविरुद्ध कधी तोंड उघडलं नाही. पण मनात एक खडा रुतून बसला होता. त्या स्वभावानेच संशयी. कुत्रं न्यायला आलेल्या माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या चपला, नखं आणि सोबतच्या माणसांचे चेहरे त्या जास्त बघत.

खारीक सापडला तो केंद्राच्या फाटकाला बांधलेला. रंगाने खारकेसारखा, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. दोन बरगड्या कधीतरी मोडून सांधलेल्या, तिसरी ताजी मोडलेली. पाठीवर पट्ट्याचे जुने वळ, त्यांच्यावर केस उगवले नव्हते. मानेवर बोटाच्या पेराएवढी एक सरळ खूण होती. मालकाची ओळख सांगणारी चिप याच जागी बसवतात. पण चिप नव्हती. "तारेच्या कुंपणात अडकला असेल," डॉक्टर म्हणाले होते.

आता त्याच्या कानामागे खाजवताना प्रमिलाताईंना त्याचा भयालेख आठवला. तो बघताना त्या डॉक्टरांच्या मागेच उभ्या होत्या. मार खाल्लेलं प्रत्येक कुत्रं पट्टा बघताच थरथरतं. खारीकसमोर पट्टा धरला, तर रेघ हललीसुद्धा नाही. काठीला नाही, हेल्मेटला नाही. आणि मग कुणीतरी बाहेर बागेचा रबरी पाइप ओढत नेला. त्या फरफटीच्या आवाजासरशी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"डॉक्टर, पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. मग पट्ट्याला भीत का नाही?"

"सगळीच कुत्री सारखी नसतात," डॉ. मुजावर म्हणाले. पण त्यांचंही समाधान झालेलं दिसलं नाही.

त्याच आठवड्यात नंदकिशोर पाटणकर आले.

कुठलं कुत्रं कुठल्या घरी द्यायचं ते ठरवणाऱ्या शासनाच्या नव्या जुळणी यंत्रणेने त्यांच्या घराला शंभरापैकी शहाण्णव गुण दिले होते. स्वतःचा बंगला, भिंतीचं कुंपण, सौरपंपांचा व्यवसाय, घरी दिवसभर असणारी पत्नी, कुत्री पाळण्याचा अनुभव. यंत्रणेने पाठवलेल्या यादीतल्या नऊ कुत्र्यांमधून त्यांनी खारीक निवडला होता. पन्नाशीचा, स्वच्छ इस्त्रीतला, मऊ आवाजाचा माणूस. बोलताना समोरच्याचं नाव घ्यायची सवय.

"प्रमिलाताई, तुमचं फार मोठं काम आहे," ते म्हणाले. "आमच्या उज्ज्वलालाही मुक्या जनावरांची फार माया."

"त्या आल्या नाहीत?"

"तिला प्रवास सोसत नाही."

पाटणकर राहत होते शाहूपुरीत. तिथून केंद्र रिक्षाने वीस मिनिटं. प्रमिलाताईंनी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. चपला नव्या होत्या, त्यातून काही कळलं नाही.

खारीकला मोकळ्या अंगणात सोडलं. तो इकडेतिकडे हुंगत फिरला, मग शेपूट हलवत पाहुण्यांच्या दिशेने आला. त्याच वेळी पाटणकर डॉक्टरांशी पावसापाण्याचं बोलत होते. बोलता बोलता त्यांची दोन बोटं मांडीवर दोनदा हलकेच आपटली. सवयीने, नकळत.

खारीक थबकला. त्यांना वळसा घालून मागून गेला आणि डाव्या पायाशी अगदी चिकटून बसला. मान वर, नजर त्यांच्या हातावर.

पाटणकरांनी खाली बघितलं आणि हात खिशात घातला. "हुशार आहे," ते हसून म्हणाले. "तुम्ही शिकवलंत वाटतं."

"हो," प्रमिलाताई म्हणाल्या. त्या कुत्र्याला केंद्रात कुणी बसायलासुद्धा शिकवलं नव्हतं. "कागदपत्रं व्हायला दोन दिवस लागतील. आम्ही कळवतो."

"यंत्रणा तर म्हणते, आजच नेता येईल."

"यंत्रणा म्हणते हो. पण लस राहिली आहे एक."

लस राहिली नव्हती. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर डॉक्टरांनी नजरेनेच विचारलं. प्रमिलाताईंनी बोटांचं सांगितलं.

"भीती पुसली जाते. शिकलेलं पुसलं जात नाही. असंच ना, डॉक्टर?"

"असंच." डॉक्टर खुर्चीत बसले. "म्हणजे तो या माणसाला ओळखतो. आणि ओळखत असूनही..."

"शेपूट हलवत गेला."

प्रमिलाताईंनी मोबाइल काढून खारीकच्या नाकाचा जवळून फोटो घेतला. माणसाच्या अंगठ्यासारखाच कुत्र्याच्या नाकाचा ठसा ज्याचा त्याचा असतो. चिप कापून काढता येते, नाक काढता येत नाही. निर्भय उपचार देणारी आणखी केंद्रं जिल्ह्यात आणि आसपास मिळून सात. त्यांनी साती ठिकाणी फोटो पाठवला.

कराडच्या मालन कुंभारांचा फोन तासाभरात आला. मालन त्यांच्याच वयाच्या, तिथल्या केंद्रात हेच काम करणाऱ्या. "अगं प्रमिला, हा तर आमचा बुधा! बुधवारी सापडला होता म्हणून बुधा. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय ना? पट्टा बघितला की मुतायचा बिचारा. बरा करून दिला आम्ही, गेल्या सप्टेंबरात."

"कुणाला दिला?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "उज्ज्वला नंदकिशोर पाटणकर. चार महिन्यांनी कळवलं होतं त्यांनी, साप चावून मेला म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला प्रमिलाताई आणि डॉ. मुजावर शाहूपुरीतल्या त्या बंगल्यासमोर उभे होते. कुत्रं देण्याआधी घर बघायचा जुना नियम यंत्रणा आल्यापासून कुणी पाळत नव्हतं, पण तो रद्दही झालेला नव्हता. पाटणकर त्या वेळी कामावर असतात, हे प्रमिलाताईंनी आधीच विचारून ठेवलं होतं.

दार उज्ज्वलाबाईंनी उघडलं. बेचाळीस-त्रेचाळीसच्या, मोकळ्या चेहऱ्याच्या. घाबरलेली, दबलेली बाई समोर येईल या तयारीने प्रमिलाताई आल्या होत्या. या बाईंनी हसून आत बोलावलं, चहा टाकला, डॉक्टरांना पंख्याखालची खुर्ची दिली. उजवं मनगट वळत नव्हतं, म्हणून गाळणी त्या डाव्या हाताने धरत होत्या.

प्रमिलाताईंनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "याला ओळखता?"

"बुधा!" उज्ज्वलाबाईंचा चेहरा उजळला. "बरा झाला का? हे म्हणाले होते, या वेळी साताऱ्यातच सोडतो, जवळ पडेल."

"या वेळी?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"अहो, पट्ट्याला तो भीतच नव्हता ना परत आल्यावर. मारला तरी तिथेच बसून राहायचा, यांच्याकडे बघत. मग यांनी पाइप घेतला." बाजारात वांगी चांगली मिळाली नाहीत, हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. "त्यालाही भ्यायला लागला, यांना बघून पलंगाखाली शिरायला लागला, की यांना राग येतो. म्हणतात, घरात पाऊल टाकल्यावर कुणीतरी हसतमुखाने सामोरं यायला नको का?"

मग प्रमिलाताईंनी जो प्रश्न विचारायचा नव्हता तोच विचारला.

"आणि तुमचं मनगट?"

"हे? हे यांनीच. दोन वर्षं झाली दिवाळीला." त्यांनी हात पुढे करून दाखवला. "तेव्हा मी फार घाबरायचे. जिन्यावर यांचं पाऊल वाजलं की घाम फुटायचा. मग पुण्याला एका खासगी दवाखान्यात नेलं यांनी मला. माणसांसाठीही सुरू झाला आहे ना आता हा उपचार. अपघातातून वाचलेले, पुरातून आलेले, अशी माणसं होती तिथे. मी अर्जावर अपघातच लिहिलं, हे म्हणाले तसं." त्या हसल्या. "सगळं आठवतं बरं का मला. पण आता त्याचं काही वाटत नाही. साखर पुरेशी आहे ना?"

डॉ. मुजावरांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारच्या कुणी कळवलं की दारावरच्या कॅमेऱ्याने, कोण जाणे, पाटणकर आले होते.

त्यांनी आवाज चढवला नाही. सगळं ऐकून घेतलं, नाकाच्या ठशाचं, कराडच्या नोंदीचं, सापाचं. मग समोरच्या सोफ्यावर बसले.

"प्रमिलाताई, तक्रार नेमकी कुणाची आहे?" त्यांनी विचारलं. "कुत्र्याची? काल तो माझ्या पायाशी येऊन बसला, तुमच्यासमोर. उज्ज्वलाची? विचारा तिला. आणि डॉक्टर, बरं तर तुम्हीच करता. तुमच्याकडून येणारं जनावर अगदी नवं असतं. मग माझं काय चुकलं, हे मला समजावून सांगाल?"

डॉक्टर उठून उभे राहिले. "चुकलं काय ते पोलिसांना समजावून सांगतो," ते म्हणाले.

तक्रार झाली. कुत्र्याच्या बाबतीत पुरावा चोख होता: दोन केंद्रांच्या नोंदी, दोन भयालेख, मोडलेल्या बरगड्यांची छायाचित्रं, चिप कापल्याची खूण. पाटणकरांवर गुन्हा नोंदून त्यांना अटक झाली, यंत्रणेतून नाव काढलं गेलं, त्यांना पुन्हा कुठलंही जनावर मिळणार नव्हतं. बायकोच्या बाबतीत मात्र पोलीस ठाण्यातल्या बाईंनी हात टेकले. त्या दोनदा बंगल्यावर जाऊन आल्या होत्या. "त्या म्हणतात, मला काही त्रास नाही. हसून म्हणतात. दडपणाखाली बोलणारी बाई मला ओळखू येते, ताई, वीस वर्षं हेच करते आहे. यांच्यावर दडपण नाहीच. मी लिहू तरी काय?"

जामिनावर सुटून पाटणकर चौथ्या दिवशी घरी आले.

केंद्रातही दिवस बरे नव्हते. प्रमिलाताईंनी आतापर्यंत दिलेली सगळी कुत्री नजरेसमोर आणून पाहिली. हसत गेलेली, शेपट्या हलवत गेलेली. त्यातली किती पूर्वीच्याच मारणाऱ्या हाताकडे परत गेली असतील? पूर्वी एखादं कुत्रं एखाद्या माणसाला बघून कोपऱ्यात सरकलं, तर त्या काहीतरी कारण काढून त्या माणसाला परत पाठवत. आता कुठलंच कुत्रं कुणालाच बघून सरकत नव्हतं.

"बंद करा हे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"आणि जी अन्न सोडतात त्यांचं काय करू? तुम्ही पेपर वाचून दाखवाल? चाळीस जणांना?" डॉक्टर चिडले नव्हते, थकले होते. त्यांनी पुण्याच्या त्या दवाखान्याला पत्र लिहिलं होतं, अर्जावरचं कारण तपासता का, असं विचारणारं. उत्तर आलं नव्हतं. शेवटी दोघांचं एवढंच ठरलं, की उपचाराआधी प्रत्येक कुत्र्याच्या नाकाचा ठसा साती केंद्रांना पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत टोपडं चढवायचं नाही.

दोन आठवड्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, उज्ज्वलाबाई रिक्षातून फाटकाशी उतरल्या. भुवईवर पट्टी होती. हातात कपड्यांनी भरलेली मोठी पिशवी.

"बुधाला भेटायचं होतं," त्या म्हणाल्या.

खारीक धावत आला, त्यांच्या अंगावर उड्या मारल्या, हात चाटले. त्या अंगणातच फरशीवर बसल्या आणि त्याला कुशीत घेतलं. बराच वेळ दोघं तशीच होती. एकमेकांसमोर मार खाल्लेले दोन जीव, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. प्रमिलाताईंना ते बघवेना.

"पिशवी कसली आणलीत?"

"शेजारच्या वहिनींनी भरून दिली. परवा हे स्वयंपाकघरात आले, हातात काहीतरी होतं. मी भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले. वहिनी खिडकीतून ओरडल्या, उज्ज्वला, बाहेर पळ! मी त्यांना विचारलं, का?" त्यांनी भुवईला हात लावला. "नंतर वहिनी खूप रडल्या. म्हणाल्या, तुला नाही ना कळत, मग माझं ऐक आणि घर सोड. वहिनी खोटं बोलायच्या नाहीत. म्हणून आले."

"बरं केलंत. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. आज तिकडेच चला."

उज्ज्वलाबाईंनी मान डोलावली. पण त्या उठल्या नाहीत. "ताई, पूर्वी मला आधीच कळायचं. जिन्यावर चपला वाजल्या की त्या वाजण्यावरून कळायचं, आज कसा दिवस आहे ते. मी मागच्या दाराने वहिनींकडे जाऊन बसायचे. आता चपला वाजतात आणि नुसत्या चपलाच वाजतात." त्यांनी खारीकच्या पाठीवरून हात फिरवला. "बुधा पहिल्यांदा तुमच्याकडे आला, तेव्हा घाबरायचा म्हणजे नेमकं काय करायचा? मला बघायचं आहे."

प्रमिलाताई त्यांना अकरा नंबरच्या पिंजऱ्याकडे घेऊन गेल्या. आदल्या दिवशी आलेली एक काळी कुत्री तिथे भिंतीला चिकटून बसली होती. नाकाचे ठसे गेले होते, उत्तरं यायची होती.

"इथूनच बघा. पुढे जाऊ नका," प्रमिलाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "कान बघा, डोक्याला कसे चिकटलेत. श्वास वरच्यावर चाललाय. आणि नजर कुठे आहे बघा. आपल्याकडे नाही. आपण दिसायच्या आधी तिने दार बघून ठेवलंय. दाराच्या आणि तिच्या मध्ये कुणी आलं, की ती जागा बदलते."

त्या एक पाऊल डावीकडे सरकल्या. कुत्री भिंतीलगत उजवीकडे सरकली.

"आधी दार," उज्ज्वलाबाई स्वतःशी पुटपुटल्या. त्यांनी वळून मागे पाहिलं. फाटक उघडं होतं. त्यांच्या आणि फाटकाच्या मध्ये डॉ. मुजावर उभे होते, हातात औषधांचा ट्रे घेऊन. उज्ज्वलाबाईंनी मोजूनमापून, पाठ केलेला धडा म्हणावा तसं, एक पाऊल बाजूला टाकलं.

मग त्यांनी प्रमिलाताईंकडे पाहिलं. चेहरा तसाच मोकळा होता.

"ताई, हे असं शिकता येईल का हो मला? आतून काही न वाटता, नुसतं बघून बघून?"